सीनाकाठची घरे आणि मुक्कामाचे श्रमदान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सप्टेंबरातील महापुरानंतर सीनाकाठच्या गावांत निरनिराळ्या मंडळांनी, संस्थांनी आणि महाविद्यालयांनी केलेल्या श्रमदानाच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळतात. सकाळी बसने गावात जायचे, दुपारपर्यंत गाळ उपसायचा, सगळ्यांचे मिळून एक छायाचित्र काढायचे आणि दिवेलागणीच्या आत सोलापूरला परतायचे, असे या उपक्रमांचे साधारण स्वरूप असते. त्यामागच्या भावनेविषयी माझ्या मनात शंका नाही. पहिल्या आठवड्यात असे शेकडो हात धावून आले नसते, तर गावांतले रस्तेसुद्धा मोकळे झाले नसते. परंतु ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत मी स्वतः माढा तालुक्यातील एका गावात काही तरुण स्वयंसेवकांबरोबर मुक्कामाला होतो आणि त्या तीन महिन्यांत जे पाहिले त्यावरून आग्रहाने सांगावेसे वाटते की, गाळ काढायला एक दिवस जाऊन भागते, घर उभारायला भागत नाही. पडलेले घर पुन्हा उभे करायला ज्यांना खरोखर हातभार लावायचा आहे, त्यांनी त्या गावात राहायला गेले पाहिजे. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी घटस्थापना झाली आणि त्याच आठवड्यात सीना नदी पात्र सोडून करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावांत शिरली. लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली, यावरून त्या पाण्याच्या पसाऱ्याची कल्पना यावी. आपला जिल्हा अवर्षणाचा. आमच्या पिढीने टँकर पाहिले, गुरांच्या छावण्या पाहिल्या, रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसे पाहिली. नदी स्वयंपाकघरात आलेली पाहिली नव्हती. दुष्काळात माणूस गाव सोडतो, पण मागे घर उभे असते आणि पाऊस पडला की तो त्या घरात परत येतो. पुरानंतर मात्र माणूस गावातच असतो आणि घर नसते. आमच्या भागातील जुनी घरे दगडाची असली, तरी त्या दगडांचा सांधा मातीच्या गाऱ्याचा आहे आणि डोक्यावर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर आहे. पाणी दोन-तीन दिवस भिंतीला लागून राहिले की आतला गारा विरघळतो, पण भिंत लगेच पडत नाही. पाणी ओसरते, घरची माणसे परत येऊन भांडी धुवायला लागतात, ऊन पडते आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी एखादी भिंत अचानक बसते. आम्ही गेलो त्या गावात पाण्याच्या लोंढ्याने जितकी घरे पडली, त्याहून अधिक घरे पाणी गेल्यावर पडली होती.

घरबांधणीच्या कामावर राहण्याचा माझा हा पहिला अनुभव नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि नुकताच माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट होती. सोलापुरातही माणसे घराबाहेर पळाली होती. आम्ही मित्रांनी ट्रक भरून चादरी आणि भाकरी नेल्या, वाटल्या आणि रात्रीपर्यंत परत आलो. आठवडाभराने पुन्हा गेलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि ते उचलायलाही कोणी तयार नव्हते. त्या ढिगांत आमच्याही गठड्या असाव्यात. पुढे १९९५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी सहा आठवडे तिकडे राहिलो, ते मात्र कामाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली जात होती, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याखेरीज आसपासच्या जिल्ह्यांत लाखाहून अधिक घरे अशी होती की जी पडली नव्हती, पण तडकली होती आणि त्यांची डागडुजी व मजबुतीकरण मालकांनीच सरकारी साहाय्याने करायचे होते. आमचे काम त्या घरांवर होते. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत बाहेरून अभेद्य दिसते, पण तिच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना जोडणारा, आरपार जाणारा लांब दगड नसेल, तर हादऱ्याने ते दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. म्हणून ठरावीक अंतरावर भिंतीतून एकेक दगड हलकेच काढायचा, आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. माळवदावरची वर्षानुवर्षे साचलेली जादा माती उतरवून भार कमी करायचा आणि लाकडी खांब व तुळई यांच्या कोनात तिरपे लाकूड ठोकायचे. एका घराला आठ-दहा दिवस लागत. घरमालक पहिले दोन दिवस संशयाने पाहत असे, कारण सरकारने आणलेली भिंत भोसकण्याची ही युक्ती त्याला पटत नसे. तिसऱ्या दिवशी तो स्वतः पहार हातात घेई. आम्ही रोज लातूरहून किंवा सोलापूरहून येऊन-जाऊन राहिलो असतो, तर तो तिसरा दिवस आलाच नसता.

नव्याने वसवलेल्या गावांबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती आजही लागू आहे. तिथे घराचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरले होते. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४५० आणि मोठ्या जमीनदारांना ७५० चौरस फूट. रस्ते सरळ, घरे ओळीने. घर भक्कम होते, पण गुरे कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, जळण कुठे ठेवायचे आणि दारासमोर कोणी कोणाशी बसून बोलायचे, याचा विचार आराखड्यात कमी होता. याउलट डागडुजीच्या कार्यक्रमात लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गावोगाव महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. त्या त्याच गावात राहणाऱ्या बायका असल्यामुळे कोणाचा हप्ता अडला, कोणाच्या भिंतीत सळई न टाकताच भोक बुजवले, हे त्यांना माहीत असे आणि त्या बोलतही असत. गुजरातमध्ये २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर सरकारने बहुसंख्य लोकांना स्वतःचे घर स्वतः बांधू दिले, पैसे टप्प्याटप्प्याने दिले आणि गवंड्यांना प्रशिक्षण दिले, त्यात किल्लारीच्या या अनुभवाचा मोठा वाटा होता.

आता सीनाकाठी काय स्थिती आहे, ते पाहावे. पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट भागात मिळणारी मदत १ लाख २० हजार रुपये आहे. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६ हजार ५०० आणि कच्च्या घराला ४ हजार रुपये मिळतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे घर अपेक्षित आहे आणि ते ठेकेदाराकडून नव्हे, तर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे आहे. हे धोरण मला मनापासून योग्य वाटते. पण त्यातली अडचण दिवसांच्या हिशेबात आहे. पूर सप्टेंबरअखेर आला. ऑक्टोबर हा ज्वारीच्या पेरणीचा महिना. खरवडून गेलेल्या रानात जितके वाफे शिल्लक होते तितक्यांत तरी ज्वारी पडली पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी भाकरी नाही आणि गुरांना कडबा नाही. पाठोपाठ कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि उरलेले मजूर ऊसतोडीला जातात. म्हणजे नेमक्या ज्या महिन्यांत घर उभे करायचे, त्याच महिन्यांत घरच्या माणसाला रानातून हलता येत नाही आणि बाहेरचा बिगारी मिळत नाही. काळ्या रानातल्या गावात पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. आमच्याकडे तो कुठे चार फुटांवर लागला, कुठे सहा फूट खोदूनही लागेना. सव्वा लाखातले किती पैसे त्या खड्ड्यातच जातात, हे ज्याने खोदले त्यालाच कळते. त्या खड्ड्यात उतरणारे, वाळू-खडी वाहणारे आणि पडक्या भिंतीचे दगड निवडून रचणारे दोन-तीन बिनमजुरीचे हात जर सलग दोन महिने मिळाले, तर त्या कुटुंबाचे घर जोत्यावर अडकून न राहता पुढे सरकते. स्वयंसेवकाची जागा इथे आहे.

आम्ही सुरुवातीला बावीस जण होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली तेव्हा समाजमंदिरात हललो. पहिल्या दोन दिवसांतच आमच्या हातून एक मोठी चूक झाली. गावातल्या विहिरी गाळाने भरलेल्या, ब्लिचिंग पावडर टाकून उपसा चाललेला आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर एका दिवसाआड. आमची मुले दिवसभर चिखलात राबली आणि संध्याकाळी त्यांनी टाकीच्या नळाखाली मनसोक्त अंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाहेर आलो तेव्हा टाकीजवळ सहा-सात बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणी काही बोलल्या नाहीत. मदतीला आलेल्या पाहुण्यांना कसे बोलायचे, असे त्यांना वाटले असावे आणि तेच मला अधिक लागले. त्याच दिवशी आम्ही आपल्या खर्चाने वेगळा टँकर आणि प्लॅस्टिकची टाकी आणली, माणशी दोन बादल्या असा नियम केला, स्वयंपाकाला सोलापूरहून आचारी आणला आणि समाजमंदिरामागे पत्र्याचे दोन तात्पुरते संडास उभे केले. जो स्वयंसेवक गावाच्या पाण्यावर, गावाच्या चुलीवर आणि गावाच्या संडासावर अवलंबून राहतो तो गावाला भारच होतो, हे शिबिर ठरवणाऱ्या प्रत्येकाने आधी लक्षात घ्यावे. आमच्याकडे मुलींसाठी आतून कडी लागणारी खोली आणि उजेड ही व्यवस्था तिसऱ्या दिवशी झाली. ती पहिल्या दिवशीच असायला हवी होती.

दुसरी चूक अधिक गंभीर होती आणि तिच्यामुळेच हे पत्र लिहायला बसलो आहे. एका घराचा ढिगारा उपसताना मुलांना सागवानी चौकट सापडली. उभे खांब गाळाने काळे पडलेले, उंबरा एका बाजूने फुटलेला, वरच्या आडव्या लाकडावर मधोमध कमळ कोरलेले. मुलांनी ती तीन तुकड्यांत सोडवली आणि मोडक्या पत्र्यांसोबत गावाबाहेरच्या ढिगावर नेऊन टाकली. काम वेगात चालले होते, ट्रॅक्टर भाड्याचा होता, त्यामुळे कोणी कोणाला विचारले नाही. घरधनीण समोरच उभी होती, तीही बोलली नाही. रात्री अकराच्या सुमारास मी व्हरांड्यात अंथरुणावर पडलो होतो आणि झोप येत नव्हती. रस्त्यावरून बॅटरीचा उजेड हलताना दिसला. ती बाई आणि तिचा शाळकरी मुलगा त्या चौकटीचा एकेक खांब दोन्ही टोकांना धरून परत आणत होते. मी उठून गेलो. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “गुरुजी, पोरं राबतेत आमच्यासाठी, त्यांना काय बोलू? पण ह्या चौकटीतनं मी माप ओलांडून आत आले.” मी त्या मुलाच्या हातून खांब घेतला आणि आम्ही तिघांनी उरलेल्या दोन फेऱ्या केल्या.

सकाळी मी मुलांना बसवून हे सांगितले. त्या दिवसापासून कोणतीही वस्तू ढिगावर जाण्याआधी घरातल्या बाईला दाखवायची, असा शिरस्ता पडला. मग जात्याचे एकच पाळे, पाट्याविना उरलेला वरवंटा, तळ नसलेली तांब्याची घागर अशा वस्तू बाजूला निघू लागल्या. आमच्या नजरेला त्या टाकाऊ होत्या. डिसेंबरात त्या घराचे जोते झाले तेव्हा गवंड्याने ती चौकट तासून, उंबऱ्याला नवा तुकडा सांधून बसवली. चौकट उभी करताना घरधनिणीने हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि कमळाच्या वर आंब्याचा डहाळा बांधला. संध्याकाळी पाचला परतणाऱ्या तुकडीला त्या रात्रीचा बॅटरीचा उजेड दिसला नसता. ती चौकट ढिगावरून आणली गेली आहे, हेसुद्धा त्यांना कळले नसते आणि पुढच्या घरी त्यांनी तेच केले असते.

कामाचे म्हणून जे तंत्र आहे तेही मुक्काम मागते. ताज्या बांधकामावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते, किमान सात दिवस आणि जमल्यास चौदा. पहाटेचे पाणी उन्हाच्या आत पडले पाहिजे आणि संध्याकाळचे दिवे लागल्यावर. ही दोन्ही कामे दिवसाच्या श्रमदानाच्या वेळेबाहेरची आहेत आणि पाण्याची इतकी ओढाताण असलेल्या गावात ती हटकून चुकवली जातात. आमच्यातल्या चार जणांनी फक्त हेच काम घेतले. भिंतीवर जुन्या गोणपाटांची पोती अंथरून ओली ठेवली, म्हणजे थोडक्या पाण्यात भागते, हे त्यांना गवंड्याने शिकवले. तो साठीचा माणूस, हातातल्या ओळंब्याकडे डोळे लावून दिवस काढणारा. एकदा आमच्या मुलांनी त्याच्या गैरहजेरीत उत्साहाने विटांचे तीन थर रचले. त्याने दुसऱ्या दिवशी ओळंबा सोडला, भिंतीकडे पाहिले आणि “पोट आलंय” एवढेच म्हणून थापीने तिन्ही थर उतरवले. मुले हिरमुसली, पण त्याने त्यांना तिथेच बसवून प्रत्येक वीट भिजवून घ्यायला लावली, सूत ताणायला लावले आणि दुपारपर्यंत तेच तीन थर त्यांच्याच हातून पुन्हा रचून घेतले. अशी दुपार देण्याइतका वेळ त्याच्याकडे होता, कारण ही मुले उद्याही असणार आहेत हे त्याला ठाऊक होते. एका दिवसासाठी आलेल्या माणसाला गवंडी कधीच शिकवत नाही. तो त्याच्या हातात घमेले देतो, आणि ते बरोबरच आहे.

गावातल्या बायका आमच्या मुलींशी जे बोलल्या, ते माझ्याशी कधीही बोलल्या नसत्या. २६९ चौरस फुटांच्या आराखड्यात न्हाणीघर कुठे, हा प्रश्न त्यांनी मुलींपुढे काढला. कागदावर घराच्या मागे संडास दाखवला होता, पण अंगावर पाणी घ्यायची आडोशाची जागा नव्हती. पाच घरांत आम्ही पायऱ्यांची जागा सरकवून आणि जुन्या घराच्या शहाबादी फरशा वापरून चार बाय चारची मोरी काढली. खर्च फारसा वाढला नाही. तो प्रश्न महिनाभराच्या सहवासानंतर, भाकऱ्या थापताना निघाला.

असे राहून काम करण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. सिद्धरामेश्वरांनी आपल्या सोबत्यांच्या श्रमातून तलाव खोदला, ही सोलापूरची श्रद्धा आहे आणि त्या तलावाच्या काठी आपण दरवर्षी गड्ड्याची यात्रा भरवतो. पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समधील व्हर्दूनजवळ उद्ध्वस्त झालेले एक खेडे बांधायला निरनिराळ्या देशांतील तरुणांना, त्यांत कालच्या शत्रुराष्ट्रातलेही होते, एकत्र राहायला बोलावले. त्यातूनच आंतरराष्ट्रीय सेवा शिबिरांची चळवळ उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तोच माणूस मोजक्या युरोपीय सोबत्यांसह मुझफ्फरपूर भागात आला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीबरोबर, पुराच्या तोंडी आलेली गावे उंचावर वसवण्याच्या कामात राहिला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे डॉक्टर परतले, कोटणीस राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या जन्मगावच्या मुलांना मी तीन आठवडे गावात राहायला सांगतो आहे, हे काही फार मागणे नाही.

माझी विनंती मुख्यतः विद्यापीठाला आणि महाविद्यालयांना आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करावे, अशी तिची रचना आहे. निवासी शिबिराची ही सोय आपल्या हाती आधीपासून आहे, हे मोठेच भाग्य. पण सात दिवसांत पाया खोदून होतो आणि विद्यार्थी निघून जातात. डिसेंबरात आमच्या शेजारच्या गावात एका महाविद्यालयाचे शिबिर झाले. तीन घरांचे चर उघडे टाकून मुले आठव्या दिवशी परतली आणि त्यातल्या एका चरात रात्री गाय पडली. दोष मुलांचा नव्हता, वेळापत्रकाचा होता. जिल्ह्यातील आठ-दहा महाविद्यालयांनी वेगवेगळी गावे न घेता एकच गाव वाटून घेतले, प्रत्येकाचे सात दिवस एकापुढे एक जोडले आणि निघणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीबरोबर दोन दिवस एकत्र काढून घरे, माणसे आणि अर्धवट कामे हवाली केली, तर त्याच नियमांत सलग दीड-पावणेदोन महिन्यांचा मुक्काम जमतो. यात कोणताही नवा निधी लागत नाही. गवंड्याला मात्र पूर्ण रोज द्यावा, कारण तो तिथे दोन कामे करतो, बांधतो आणि शिकवतो.

काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावी लागतील. लाभार्थी कुटुंबाला घरकुलासोबत रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी मिळते. स्वयंसेवकांनी काम केले म्हणून ती हजेरी कापली जाता कामा नये, उलट गाळ, दगड, पाणी, वाहतूक अशी जी कामे कोणाच्याही हजेरीत येत नाहीत तीच त्यांनी उचलावीत. कागदपत्रांचे काम तर कोणीच उचलत नाही. ज्यांचे आठ-अ उतारे, पासबुके आणि आधारकार्डे वाहून गेली त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत तीन-तीन खेपा घालणारा, फोनवर घराचे टप्प्याटप्प्याचे छायाचित्र नोंदवायला मदत करणारा एक पदवीधर मुलगा आमच्याकडे कोणत्याही बिगाऱ्याइतका उपयोगी पडला. आणि आरोग्याबाबत हयगय नको. दगडांच्या ढिगात आम्हाला दोनदा घोणस दिसली. कामावर येण्याआधी धनुर्वाताचे इंजेक्शन, पायात गमबूट, हातात मोजे, अंगावर जखम असताना साचलेल्या पाण्यात न उतरणे आणि ताप आल्यास अंगावर न काढता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे, हे नियम आमच्या एका मुलाला लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, लागण झाल्यावर आम्ही लिहून भिंतीवर लावले. तो बरा झाला, पण ते दहा दिवस मी विसरणार नाही.

तीन महिन्यांत आम्ही नऊ घरांवर काम केले. चार घरांचे स्लॅब पडले, तीन लिंटेलपर्यंत आली, दोन अजून जोत्यावर आहेत. बावीसांपैकी शेवटपर्यंत टिकले सात जण. त्या सातांच्या हातून झालेले काम पहिल्या आठवड्यातल्या शंभरांच्या कामापेक्षा अधिक होते, हे मी रोजच्या नोंदवहीवरून सांगू शकतो. जूनमध्ये पाऊस येईल. जोत्यावरच्या त्या दोन घरांपैकी एक विधवा बाईचे आणि दुसरे अपंग भावाला सांभाळणाऱ्या शेतमजुराचे आहे, आणि दोन्ही कुटुंबे आज ताडपत्रीखाली आहेत. समाजमंदिराची खोली ग्रामपंचायतीने आमच्यासाठी राखून ठेवली आहे, पाण्याची टाकी आणि पत्र्याचे संडास जागेवर आहेत, गवंडी फेब्रुवारीच्या शेवटी मोकळा होतो आहे. गावाचे नाव आणि माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्यास तो कळवावा. येणाऱ्याने निदान तीन आठवड्यांची सवड काढून यावे आणि आपले ताट, वाटी, अंथरूण-पांघरूण बरोबर आणावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर